लिहिलेले जसेच्या तसे का राहत नाही?

या वेळी तीन पत्रांना एकत्र उत्तर देत आहे. पत्रलेखकांची कामे वेगवेगळी असली, तरी तिघांचेही दुखणे एकच आहे. आपण मेहनतीने लिहिलेला मजकूर संगणकाने नीट सांभाळला नाही, अशी ही तक्रार आहे.

प्रश्न : मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरताना माझा मजकूर तीन वेळा नाहीसा झाला. सगळी माहिती भरून शेवटचे बटण दाबले की ‘सत्र संपले आहे, पुन्हा लॉगिन करा’ अशी सूचना येते आणि अर्ज कोरा होतो. मी सतत टाईप करत होते, एक मिनिटही उठले नव्हते. मुलगा म्हणतो, ‘आई, तू फार हळू टाईप करतेस.’ चूक माझीच आहे का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : नाही, चूक आपली नाही, आणि हे आपल्या मुलालाही वाचून दाखवावे. आपण पानावर अक्षरे टाईप करता तेव्हा बहुतेक अर्जांत ती आपल्याच संगणकावर असतात. पलीकडच्या सर्व्हरला, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्या संगणकाला, त्यांची काहीच खबर नसते. आपण ‘पुढे’ किंवा ‘जतन करा’ दाबाल तेव्हाच त्याला कळते की समोर माणूस आहे. ठरावीक वेळ अशी खबर आली नाही, की तो आपले सत्र बंद करतो. त्यामुळे ही मर्यादा वीस मिनिटांची असेल आणि एकच लांबलचक पान भरायला आपल्याला पंचवीस मिनिटे लागली, तर त्या पंचवीस मिनिटांत आपण अखंड काम करत असूनही सर्व्हरच्या हिशेबी आपण उठून गेलेल्या असता. सायबर कॅफेत कोणी खाते उघडे ठेवून गेले तर त्याचा गैरवापर होऊ नये, हा या मर्यादेमागचा हेतू योग्यच आहे. परंतु खाते बंद करणे वेगळे आणि माणसाने भरलेला मजकूर फेकून देणे वेगळे. पहिल्यासाठी दुसरे करण्याची काहीही गरज नसते.

हे मी केवळ माझे मत म्हणून सांगत नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियम या संस्थेने डिसेंबर २००८ मध्ये संकेतस्थळांच्या सुलभतेचे जे निकष प्रसिद्ध केले, त्यांत वेळेच्या मर्यादेचा स्वतंत्र विचार आहे. मर्यादा संपण्यापूर्वी सूचना द्यावी, एखाद्या साध्या कृतीने ती वाढवून घेण्यासाठी किमान वीस सेकंद द्यावेत आणि असे किमान दहा वेळा करता यावे, असा एक मार्ग तेथे दिलेला आहे. पुन्हा लॉगिन केल्यावर आधीचा मजकूर शाबूत राहावा, हाही त्याच निकषांतला, वरच्या श्रेणीतला एक निकष आहे. म्हणजे हळू टाईप करणाऱ्या, अधू दृष्टीच्या किंवा थरथरत्या हातांच्या माणसाचा विचार कधीच झालेला आहे. आपण भरलेल्या अर्जाच्या कर्त्यांनी तो केला नाही.

तोपर्यंत लांब उत्तरे आधी नोटपॅडमध्ये लिहून ठेवावीत आणि तेथून अर्जात चिकटवावीत. दाखले आणि छायाचित्रे मागितलेल्या आकारात आधीच तयार ठेवावीत, कारण सर्वाधिक वेळ त्यातच जातो. मसुदा जतन करण्याचे बटण असेल, तर प्रत्येक भाग पूर्ण झाला की ते दाबावे. आणि तक्रार जरूर नोंदवावी. ‘अर्ज भरता येत नाही’ एवढेच न लिहिता ‘अमुक पानावर इतक्या मिनिटांनी पूर्वसूचना न देता मजकूर नाहीसा झाला’ असे लिहावे.

प्रश्न : आमच्या विकास सोसायटीच्या कर्जदार सभासदांची यादी मी स्प्रेडशीटमध्ये करतो. कागदपत्रांच्या रकान्यात ७/१२ लिहिले की तेथे तारीख दिसते. सर्व्हे नंबर आणि हिस्सा लिहिताना १०/३, ११/२ यांचेही तेच होते, पण ११२/३ तसाच राहतो. बँक खाते क्रमांकांच्या सुरुवातीची शून्ये गेली आहेत आणि काही खात्यांचा शेवटचा अंकही चुकला आहे. यादी वरिष्ठांकडे पाठवल्यावर बोलणी मला खावी लागली.
— एक गटसचिव, सांगली जिल्हा

उत्तर : आपले पत्र वाचून वाईट वाटले, कारण ही चूक फार जुनी असून तिचा भुर्दंड नेहमी शेवटी बसून नोंदी करणाऱ्या माणसालाच पडतो.

एक्सेल आणि तत्सम प्रोग्राम मुळात हिशेबासाठी आहेत. त्यामुळे चौकटीत काही लिहिले की ती संख्या आहे की तारीख, याचा ते स्वतःच अंदाज बांधतात आणि आपल्याला न विचारता तो अमलात आणतात. इंग्रजी अंकांत लिहिलेले ७/१२ तारखेसारखे दिसते, म्हणून त्याची ७ डिसेंबर होते. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल, तर त्याचीच १२ जुलै होते. ११२/३ ही कोणतीच तारीख होऊ शकत नाही, म्हणून तो वाचतो. यातूनच खरा धोका निर्माण होतो : सगळी यादी बिघडली असती तर लगेच लक्षात आले असते, अर्धी बिघडलेली यादी नजरेतून सुटते. शिवाय आत जतन होते ते आपले ७/१२ नव्हे, तर १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून मोजलेली दिवसांची संख्या. आपण ती नोंद २०२४ मध्ये केली असेल, तर आत ४५६३३ हा आकडा असतो, आणि नंतर चौकटीचा प्रकार ‘मजकूर’ असा बदलला तर तोच आकडा समोर येतो.

खाते क्रमांकाचे दुखणे वेगळे आहे. संख्येच्या आरंभीच्या शून्याला हिशेबात किंमत नाही, म्हणून ते गाळले जाते. एक्सेल कोणत्याही संख्येचे पंधराच अंक अचूक ठेवते. सोळा अंकी खाते क्रमांक लिहिला, तर शेवटच्या अंकाच्या जागी शून्य येते. तो अंक कोणत्याही युक्तीने परत मिळत नाही, मूळ पासबुकच पाहावे लागते. बेरीज-वजाबाकीसाठी नसलेला आकडा हे एक नाव असते आणि नाव कोणी परस्पर बदलू नये, इतकी साधी गोष्ट येथे पाळली गेलेली नाही.

यात आपण एकटे नाही. जनुकशास्त्रात ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट१’ अशी जनुकांची संक्षिप्त नावे होती आणि स्प्रेडशीट त्यांच्या तारखा करत असे. एक्सेलमधील जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत अशा चुका असल्याचे २०१६ मध्ये दाखवले गेले. अखेर मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये जनुकांचीच नावे बदलली. ‘मार्च१’चे ‘मार्चएफ१’ झाले आणि ‘सेप्ट१’चे ‘सेप्टिन१’. प्रोग्रामने हट्ट सोडला नाही म्हणून विज्ञानाने आपली परिभाषा बदलावी, हे मला आजही खटकते. आपोआप होणारी काही रूपांतरे बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये २०२३ मध्ये आली. आपली आवृत्ती नवी असेल, तर पर्यायांमधील ‘डेटा’ या भागात ती पाहावी.

आवृत्ती जुनी असली तरी उपाय आहे. यादी सुरू करण्यापूर्वीच सर्व्हे नंबर, कागदपत्र आणि खाते क्रमांक हे रकाने निवडून त्यांचा प्रकार ‘टेक्स्ट’ करावा. नोंदी झाल्यानंतर केल्यास काही उपयोग नाही. एखाद-दुसरीच नोंद असेल, तर आधी एकेरी अवतरणचिन्ह टाकून मग आकडा लिहावा. ते चिन्ह छापताना दिसत नाही. बँकेकडून आलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुराची) फाइल दोनदा क्लिक करून थेट उघडू नये. ‘डेटा’ या मेनूतून आयात करावी आणि त्या वेळी या रकान्यांचा प्रकार मजकूर असा निवडावा. जी यादी आधीच गेली आहे, तिच्यातील तारखा झालेल्या नोंदी सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून एकेक तपासाव्या लागतील. कष्टाचे काम आहे, पण कर्जाच्या कागदावर चुकीचा हिस्सा जाण्यापेक्षा ते बरे.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या सूचीत ‘ॲ’ने सुरू होणारे शब्द शोधले तर निम्मीच पुस्तके सापडतात. उरलेली पुस्तके कपाटात आहेत, सूचीतही आहेत, डोळ्यांना दिसतात, पण शोधात येत नाहीत.
— एक ग्रंथपाल, रत्नागिरी

उत्तर : आपल्या सूचीत हे अक्षर दोन प्रकारे लिहिलेले असणार. प्रत्येक अक्षराला संगणकासाठी क्रमांक ठरवून देणाऱ्या युनिकोड या संकेतप्रणालीत ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर २००८ मध्ये आले. त्यापूर्वी आणि कित्येक कीबोर्डांवर त्यानंतरही ‘अ’ला चंद्र जोडून ‘अ‍ॅ’ लिहिले जात असे. कागदावर दोन्ही सारखीच उमटतात, पण संगणकाच्या लेखी त्या वेगळ्या संकेतांच्या रांगा आहेत, आणि त्या एकच मानाव्यात असे युनिकोडने सांगितलेले नाही. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतील अर्ध्या ‘र’चेही असेच दोन प्रकार प्रचलित आहेत, तेव्हा तेही तपासावेत.

मराठी वाचकाला जे एकच अक्षर आहे, ते शोधातही एकच धरले जावे, ही जबाबदारी सूचीचा प्रोग्राम लिहिणाऱ्याची आहे. त्याला या जोड्या लेखी कळवाव्यात. त्याने दाद दिली नाही, तर सूचीची एक प्रत वेगळी ठेवून ‘शोधा आणि बदला’ने सर्वत्र एकच रूप करून घ्यावे, आणि नव्या नोंदी करणाऱ्या सहायकांच्या संगणकांवर मराठीचा कीबोर्ड एकाच प्रकारचा असेल, हे स्वतः पाहावे.