स्विचवर देखरेखीची परवानगी देताना

महापे एमआयडीसीतील तुमच्या कार्यालयात नवा मॅनेज्ड स्विच (नेटवर्कवरून ज्याची मांडणी आणि देखरेख करता येते असा) बसला आहे, तेव्हा एसएनएमपी या देखरेखीच्या प्रोटोकॉलची ‘पब्लिक’ आणि ‘प्रायव्हेट’ ही कम्युनिटी नावे, म्हणजे पासवर्डसारखे वापरले जाणारे शब्द, त्यावर आधीपासून असतील तर ती प्रथम काढून टाका. एसएनएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीत हे नाव उघड्या मजकुरात जाते, त्यामुळे ते कितीही अवघड ठेवले तरी पॅकेट पकडणाऱ्याला सहज वाचता येते. म्हणून तिसरी आवृत्ती वापरा आणि त्यात तयार केलेल्या वापरकर्त्याला प्रमाणीकरणासाठी शा (SHA), तर एन्क्रिप्शनसाठी एईएस (AES) ही पद्धत द्या. जुनी आवृत्ती मात्र वेगळी बंद करावी लागते, हे पुष्कळजण विसरतात.

वापरकर्त्याची किल्ली त्या स्विचच्या इंजिन आयडीशी, म्हणजे एसएनएमपीतील त्याच्या ओळख क्रमांकाशी, बांधलेली असते, त्यामुळे तो आयडी बदलला की पासवर्ड बरोबर असूनही देखरेखीच्या सर्व्हरला नकार मिळतो आणि वापरकर्ता पुन्हा तयार करावा लागतो.

परवानगी फक्त वाचण्याचीच द्या. लिहिण्याची परवानगी असल्यास कोणीही दुरून पोर्ट बंद करू शकतो, आणि देखरेखीला तिची गरजच नसते. व्ह्यूमध्ये, म्हणजे वापरकर्त्याला दिसणाऱ्या माहितीच्या यादीत, १.३.६.१.२.१ ही प्रमाणित माहितीची शाखा घेतली की पोर्टची आकडेवारी मिळते. तापमान किंवा सीपीयूची माहिती बहुधा कंपनीच्या स्वतःच्या शाखेत, म्हणजे १.३.६.१.४.१ खाली असते, तेव्हा त्यातला नेमका तेवढाच भाग जोडा.

शेवटी एसीएल (कोणाला प्रवेश द्यायचा याची नियमयादी) लावून एसएनएमपीचा यूडीपी पोर्ट १६१ केवळ देखरेखीच्या सर्व्हरलाच खुला ठेवा. त्या सर्व्हरवरून एसएनएमपी वॉक (शाखेतील सगळी माहिती ओळीने वाचणारी आज्ञा) चालवून पाहा, आणि नंतर तोच दुसऱ्या एखाद्या संगणकावरून; तिथे ‘टाइमआउट’ आले पाहिजे.