ऊसतोड कुटुंबांचे फोटो निळे का येतात?

प्रश्न : आम्ही चौघे हौशी छायाचित्रकार कराडजवळच्या ऊसतोड मजुरांच्या तळावर कुटुंबांचे मोफत फोटो काढतो. मागच्या वेळी चेहरे निळसर आले, मोठ्या प्रिंटमध्ये कडेची मुलं कापली गेली. काय चुकलं? — एक वाचक, कराड

उत्तर : निळेपणा निळ्या ताडपत्रीचा. कोपीला, म्हणजे ताडपत्री टाकलेल्या झोपडीला, चिकटून उभं केलं की तिचाच उजेड गालावर पडतो आणि नंतर पुरता निघत नाही. माणसं आठ-दहा फूट लांब, झाडाच्या सलग सावलीत घ्या; कवडसे नकोत. दोन रांगा असतील तर अ‍ॅपर्चर (भिंगाचं छिद्र) एफ ८, शटर १/१२५. लहान मुलं असली की सात-आठ फ्रेम घ्याच, कुणाचे तरी डोळे मिटतातच.

कापाकापी प्रमाणामुळे होते. कॅमेऱ्याची फ्रेम बहुधा ३:२, म्हणजे ४×६ किंवा ८×१२ इंच तंतोतंत बसतं. ८×१० केलं की दोन्ही टोकांचा एकेक इंच जातो. कडेला जागा सोडा.

प्रिंट मात्र त्याच दिवशी हातात द्या. फड संपला की टोळी हलते, मग पत्ता कुठे शोधणार? ४×६ चा छोटा डाय-सब (उष्णतेने रंग कागदावर उतरवणारा) प्रिंटर न्या, प्रिंट लगेच कोरडी मिळते. पहिल्या फ्रेममध्ये पाटीवर कुटुंबाचा क्रमांक धरा, अदलाबदल होणार नाही. आणि स्टेटसला फोटो टाकण्याआधी त्यांना विचारा.