सरांची सही आणि सरांची शाबासकी

"ताई, हा मेल पाठवू का?"

बसायच्या आधीच तिनं फोन माझ्यापुढे धरला. मेल विभागप्रमुखांच्या नावे होता, रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी लिहिलेला आणि वर सरकवता सरकवता अंगठा दुखेल इतका लांब. चार महिने न वाचलेला चॅप्टर, सेमिनारमध्ये सगळ्यांसमोर ऐकलेले टोमणे, सरांच्या, म्हणजे पीएचडीच्या गाईडच्या, घरच्या कार्यात दोन दिवस पंगती वाढणं, पहिल्या वर्षी मिळालेली आणि पुढे विरलेली आश्वासनं, सगळं त्यात होतं. शेवटची ओळ होती, 'मी पीएचडी सोडायला तयार आहे.'

मी म्हटलं, "आधी पाणी पी."

'गाईडशी पटत नाही. बोलावं तर थिसिस अडकतो, गप्प बसावं तर जीव गुदमरतो' ही तक्रार घेऊन माझ्यासारख्या समुपदेशकाकडे वर्षाकाठी बरीच मुलंमुली येतात. त्यातली ही एक गोष्ट, ओळख पटू नये इतके तपशील बदलून आणि तिला वाचायला देऊन मगच लिहिलेली.

ती इतिहासाची. विषय एकोणिसाव्या शतकातल्या बडोद्यातल्या सावकारी पेढ्या. हरिभक्ती, गोपाळराव मैराळ अशा पेढ्यांकडून गायकवाड सरकार कर्ज घ्यायचं, त्यांच्यामार्फत राज्याचा वसूल फिरायचा. या व्यवहारांची बरीचशी कागदपत्रं मोडी लिपीत. हिच्या आजोबांनी लहानपणी हौसेनं मोडी शिकवली होती, म्हणून हिला ती पेपर वाचावा तशी वाचता येते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मुंबई-पुण्याच्या वाचकांना बडोद्यातला पेच कदाचित कळणार नाही. इथे मराठी जग फार लहान. दांडिया बाजार, रावपुरा आणि आजूबाजूच्या चार गल्ल्यांत कोण कुणाचा भाचा आणि कुणाची मुलगी कुठे दिली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. हिचे गाईड मराठीच. त्यांची बायको आणि हिची आई एकाच भजनी मंडळात. त्यामुळे तक्रार विभागात केली तरी संध्याकाळी ती पेटीच्या सुरावर घरी पोचणार. आई म्हणाली, "अगं, ते तुला मुलीसारखी मानतात." वडिलांनी अस्सल बडोदेकरासारखं दोन शब्दांत मिटवलं, "जवा दे ने." म्हणजे, जाऊ दे ना.

आता 'मुलीसारखी' या शब्दाबद्दल थोडं. माझ्या अनुभवात गाईडशी होणाऱ्या निम्म्या भांडणांचं मूळ या शब्दात आहे. गाईड वडिलांसारखे झाले की वेळ मागणं उद्धटपणा होतो, तारीख विचारणं अविश्वास होतो आणि कामाचं श्रेय मागणं तर कृतघ्नपणाच. घरात आपण हिशोब लिहून ठेवत नाही ना? मग इथेही कुणी काही लिहून ठेवत नाही. सगळं तोंडी आणि सगळं गृहीत. दोन वर्षांनी दोघांच्याही मनात वेगवेगळी खतावणी तयार असते आणि दोघांनाही वाटतं की समोरचा देणं लागतो.

पहिल्या भेटीत माझ्याकडून चूक झाली, तीही सांगते. बोलता बोलता तिनं सांगितलं की तिनं वाचून दिलेल्या मोडी कागदांचा मजकूर सरांच्या एका छापील लेखात आला आहे. लेखक म्हणून सरांचं एकट्याचं नाव, हिचं नाव शेवटी आभाराच्या ओळीत, इतर पाच जणांबरोबर. माझं डोकं तापलं. समुपदेशकाचं डोकं तापू नये असं शिकवतात, पण माझा भाऊही अशाच एका विभागातून अर्धवट सोडून आलेला आहे, तो हिशोब मध्ये आला. मी म्हटलं, "हे तू सरांना स्पष्ट विचारायलाच हवंस."

तिनं दुसऱ्याच दिवशी विचारलं. केबिनमध्ये एमएच्या दोन मुली बसल्या असताना. सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मोडी वाचणं म्हणजे संशोधन नव्हे. ते काम कारकून करायचे."

त्यानंतर तीन आठवडे हिच्या मेसेजला निळ्या खुणा येत होत्या, उत्तर येत नव्हतं.

दुसऱ्या भेटीत मी आधी तिची माफी मागितली. मग आम्ही तो लांबलचक मेल कागदावर उतरवून काढला आणि एकेका वाक्यापुढे एकच प्रश्न लिहिला: याला तारीख आहे का?

बहुतेक वाक्यांना नव्हती. टोमण्यांना तारीख नसते, पंगतींनाही नसते. तारीख निघाली एकाच गोष्टीला. हिची जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठी मिळणारी शिष्यवृत्ती, दोन वर्षं पूर्ण करत होती. त्यानंतर दरमहा 37,000 रुपयांचे 42,000 होतात, पण आपोआप नाही. गाईड, विभागप्रमुख आणि बाहेरचा एक तज्ज्ञ मिळून कामाचा आढावा घेतात आणि मगच जेआरएफची एसआरएफ, म्हणजे वरची शिष्यवृत्ती, होते. त्या आढाव्यासाठी दुसरा चॅप्टर सरांच्या नजरेखालून जायला हवा होता. हातात सात आठवडे होते आणि गंमत म्हणजे चार पानी मेलमध्ये या आढाव्याचा उल्लेखच नव्हता.

मग मी तिला विचारलं, "तुला सरांकडून नक्की काय हवंय? सही की शाबासकी?"

ती बराच वेळ गप्प बसली. मग रडली. रडणं थांबल्यावर म्हणाली, "दोन्ही. पण आधी शाबासकी."

हे मोकळेपणी कबूल करणारी मुलं थोडी. शाळेपासून पहिल्या बाकावर बसलेली, सरांनी पाठ थोपटली की महिनाभर उडत राहणारी मुलंच पीएचडीला येतात. इथे आल्यावर थोपटणारा हात एकच उरतो आणि त्याच हातात सहीचं पेन असतं. सही हा तिचा हक्क होता, काम झालं असेल तर ती मिळायलाच हवी. शाबासकी हा कुणाचाच हक्क नाही. ती सरांकडून येईल तेव्हा येईल. तोवर दुसरीकडून आणायची. त्या आठवड्यात मी तिला एकच गृहपाठ दिला. दुसऱ्या शहरातल्या, मोडी जाणणाऱ्या एका अभ्यासकाला चार पानं पाठवायची आणि वाचन बरोबर आहे का तेवढं विचारायचं. उत्तर दोन दिवसांत आलं, तीन दुरुस्त्यांसह. शेवटी लिहिलं होतं, 'अक्षर फार वाईट आहे, तरी तुम्ही छान लावलंत.' ही ओळ तिनं मला दोनदा वाचून दाखवली.

नियमांचं थोडं. विद्यार्थ्यांना ते माहीत नसतात आणि माहीत नसल्यामुळे गाईड त्यांना देवासारखे सर्वशक्तिमान वाटतात. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, सध्याचे पीएचडीचे नियम 7 नोव्हेंबर 2022 चे. किमान मुदत तीन वर्षं, कमाल सहा, पुनर्नोंदणीनं आणखी दोन. मुलींना आणि 40 टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन मिळू शकतात. प्रोफेसरकडे एका वेळी आठ, असोसिएट प्रोफेसरकडे सहा आणि असिस्टंट प्रोफेसरकडे चारच विद्यार्थी असू शकतात. हिच्या सरांकडे आठ होते, म्हणजे कोटा भरलेला. प्रत्येकाचा चॅप्टर टेबलावर, वर विभागाचं काम. चार महिन्यांच्या मौनात द्वेष किती आणि ढीग किती, हे आम्हाला तेव्हा सांगता येत नव्हतं.

याच नियमांत संशोधन सल्लागार समिती आहे. विद्यार्थ्यानं दर सेमिस्टरला तिच्यापुढे प्रगती मांडायची असते. या समितीचे निमंत्रकही गाईडच, त्यामुळे मुलं तिच्याकडे नुसती औपचारिकता म्हणून बघतात. मला ते पटत नाही. त्या खोलीत गाईड सोडून आणखी माणसं बसलेली असतात आणि तिथे बोललेलं कागदावर येतं. 'दुसरा चॅप्टर अमुक तारखेला दिला आहे, अभिप्रायाची वाट पाहत आहे' एवढं वाक्य प्रगतीच्या अहवालात शांतपणे लिहिता येतं. ती तक्रार नव्हे, नोंद आहे.

हे सगळं करूनही काही हललं नाही तर विभागप्रमुख, मग डीन, मग विद्यार्थी तक्रार निवारण समिती. यूजीसीच्या 2023 च्या नियमांप्रमाणे ही समिती प्रत्येक संस्थेत असायला हवी, तिनं शक्यतो पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा अशी अपेक्षा आहे आणि वर अपिलासाठी लोकपाल. ही दारं कुठे आहेत हे तिला दाखवून ठेवलं. तेवढ्यानंही छाती थोडी मोकळी होते. पण एकदम शेवटचं दार वाजवलं की अलीकडची सगळी आतून बंद होतात, हेही सांगितलं.

गाईड बदलणं? नियमात बसतं, पण हिच्या विभागात एकोणिसाव्या शतकातलं जाणणारं दुसरं कुणी नव्हतं आणि विषय बदलला असता तर दोन वर्षांचं मोडी वाचन पेटीत गेलं असतं. तो पर्याय आम्ही दहा मिनिटांत बाजूला ठेवला.

मग मेल. चार पानांच्या सहा ओळी करायला आम्हाला पाऊण तास लागला. सरांना पाठवायचा हा नवा मेल इंग्रजीत होता, मतलब असा:

'आदरणीय सर, एसआरएफचा आढावा पुढच्या महिन्याच्या अखेरीला आहे. त्याआधी दुसऱ्या चॅप्टरवर आपलं मत मिळालं तर दुरुस्तीला मला दोन आठवडे मिळतील. सोयीसाठी पाच पानांचा सारांश आणि मला शंका असलेल्या तीन जागा सोबत दिल्या आहेत. या आठवड्यात वीस मिनिटं मिळू शकतील का? मंगळवारी किंवा गुरुवारी दुपारनंतर मी विभागातच आहे. त्या दिवशी केबिनमध्ये इतरांसमोर विषय काढला, ते मी टाळायला हवं होतं.'

शेवटच्या वाक्यावर ती अडून बसली. "म्हणजे मी माफी मागू? त्यांनी मला कारकून म्हटलं!" मी म्हटलं, माफी श्रेय मागण्याची नाही, फक्त जागेची आहे. श्रेयाचा मुद्दा आपण सोडलेला नाही, मागे ठेवलाय. आढावा आधी. तिला पटलं नाही, पण तिनं वाक्य ठेवलं.

गुरुवारची वेळ मिळाली. तिथे घडलं ते तिच्या तोंडून जसं ऐकलं तसं सांगते. सरांनी चॅप्टर उघडला, कडेला पेन्सिलच्या खुणा होत्या. म्हणजे पहिली बारा पानं वाचलेली होती. तेराव्या पानापासून मोडी कागदांचे उतारे सुरू होत होते. सरांनी एका कागदाची झेरॉक्स तिच्याकडे सरकवली आणि म्हणाले, "ही ओळ तू वाच." तिनं वाचली. "पुढची." तीही वाचली. असं अर्धं पान झालं. मग ते चष्मा काढून म्हणाले, "मी मोडी शिकलो त्याला तीस वर्षं झाली. हे घसरतं अक्षर आता मला लागत नाही."

चार महिने चॅप्टर तिथे अडला होता. जे आपल्याला तपासता येत नाही त्यावर सही कशी करायची आणि तपासता येत नाही हे विद्यार्थिनीला सांगायचं कसं! 'कारकून' हा शब्द कुठून आला असेल, त्याचा मला तेव्हा अंदाज आला. म्हणून तो क्षम्य ठरत नाही. पण 'माझ्यावर राग आहे' आणि 'यांना संकोच आहे' या दोन समजुतींवर माणूस वेगवेगळं वागतं. तिनं तिथल्या तिथे सुचवलं की ज्या अभ्यासकानं चार पानं तपासली त्यांच्याकडून सगळे उतारे तपासून घेऊ. सर हो म्हणाले, लगेच.

संध्याकाळी तिनं दुसरा मेल पाठवला: आज ठरलं ते असं असं, काही चुकलं असल्यास कृपया कळवावं. ही सवय मी प्रत्येकाला लावते. भेट झाली की त्याच दिवशी चार ओळी. घरगुती नात्यात हिशोब नको वाटतो, म्हणूनच तो हळूच कागदावर आणायचा.

आढावा पार पडला, सही झाली. त्यानंतर महिन्याभरानं, एकटे असताना, तिनं श्रेयाचा विषय काढला. छापून झालेला लेख तसाच राहिला. त्यात काही बदल होणार नाही असं सर म्हणाले. उतारे तिच्या थिसिसला परिशिष्ट म्हणून तिच्या नावावर जोडायचे आणि पुढचा लेख दोघांच्या नावावर, तिचं नाव आधी, एवढं मेलवर ठरलं. तिचा राग गेला का? नाही. मीही तिला तो सोडायला सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगते. हा सगळा सबुरीचा मार्ग कामाच्या भांडणासाठी आहे. गाईड अंगचटीला येत असेल, रात्री-अपरात्री नको ते मेसेज करत असेल, तर सहा ओळींचे मेल लिहीत बसायचं नाही. थेट लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेच्या अंतर्गत समितीकडे जायचं, शक्यतो तीन महिन्यांच्या आत, मेसेज न पुसता. पैसे मागत असेल, जातीवरून बोलत असेल, तरीही मधली दारं सोडून थेट लेखी तक्रार करायची. आणि रात्रीच्या रात्री झोप नसेल, जगणं नको वाटत असेल, तर थिसिस बाजूला ठेवून 14416 वर फोन करायचा. टेलिमानसची ही सरकारी सेवा चोवीस तास असते, फुकट, आणि आपल्या भाषेत बोलता येतं.

गणपतीत तिची आई दरवर्षीप्रमाणे सरांकडे दर्शनाला निघाली. गेल्या वर्षी ही डोकं दुखतंय म्हणून घरी राहिली होती, या वर्षी गेली. काकूंनी हातावर मोदक ठेवला. सर सोवळ्यात, आरतीचं तबक घेऊन उभे, तिथूनच म्हणाले, "तिसरा चॅप्टर कुठवर आला?"

"मेल करते, सर," ती म्हणाली आणि मोदक तोंडात टाकला.