काखेतला वायरलेस टेम्परेचर पॅच: आयसीयूत नवीन असाल तर

पॅच (तापमान मोजून ब्लूटूथने रिसीव्हरकडे पाठवणारी चिकटपट्टी) चिकटवण्याआधी काख पुसून पूर्ण कोरडी करा. घाम, पावडर किंवा स्पंजिंगचं पाणी राहिलं की कड सुटते आणि सेन्सर हवेचं तापमान दाखवू लागतो. सेन्सर काखेच्या खोलगट भागात आणि हात अंगाशी मिटलेला हवा. आकडा स्थिरावेपर्यंत चार्टवर लिहू नका.

खरी गोम पुढे आहे. हा आकडा त्वचेचा असतो. शॉकमधल्या (रक्तदाब घसरून अवयवांना पुरेसं रक्त न मिळणाऱ्या), नॉरॲड्रेनॅलिन या रक्तदाब वाढवणाऱ्या औषधावर असलेल्या पेशंटच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आखडतात, शरीराच्या आत ३८.५ अंश सेल्सिअस असताना काखेत ३७ दिसू शकतं. त्यावरून ‘ताप नाही’ म्हणू नका, मूत्राशयातल्या किंवा अन्ननलिकेतल्या प्रोबशी (आतलं तापमान मोजणाऱ्या सेन्सरशी) ताडून पाहा. कूलिंग ब्लँकेट चालू असेल तर पॅचवर विसंबूच नका. पॅच चढउताराचा कल कळायला उत्तम, औषध ठरवायला नाही.

सिग्नल तुटतोय? बॅटरीला दोष देण्याआधी पेशंट कोणत्या कुशीवर आहे ते बघा. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरी शरीरातलं पाणी शोषून घेतं. रिसीव्हर दुसऱ्या बाजूला सरकवला की बहुतेकदा काम होतं.

एमआरआयआधी पॅच काढायचा. आणि बेड बदलला की पॅच मॉनिटरवर कोणाच्या नावाने जोडलाय ते लगेच तपासा, नाहीतर शेजारच्याचा ताप याच्या चार्टवर चढतो.