कावळ्याच्या पोटात ‘आणि’ कसा गेला?

मागच्या अंकात पहिल्यांदाच गूढ शब्दकोडं दिलं आणि पत्रांचा पाऊस नाही, पण बऱ्यापैकी शिरवा आला. काही पत्रं कौतुकाची, काही रागाची. एका गृहस्थांनी तर रिकामीच चौकट परत पाठवली आहे, समासात ‘?’ करून. सगळ्यांची नावं गाळून फक्त गावं छापते आहे. कारण एका पत्रात पत्र लिहिणारीच्या मिस्टरांचा उल्लेख आहे आणि तेही हा अंक वाचतात.

‘काळा आणि पोटात ठेवून पिंडाला शिवतो (३)’ याचं उत्तर ‘कावळा’ हे आम्हाला लगेच आलं. पण मग आधीची भरताड कशाला? कावळा काळा असतो हे आम्हाला ठाऊक आहे. — मिरज

ती भरताड नाही, तोच खरा माल आहे. साध्या शब्दकोड्यात उत्तराकडे जायला एकच वाट असते, गूढ कोड्यात दोन असतात. शोधसूत्राच्या एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ असतो, कधी सुरुवातीला, कधी शेवटी, मधे कधीच नाही. उरलेल्या शब्दांत ते उत्तर अक्षर-अक्षर जोडून कसं तयार करायचं याची कृती असते. इथे ‘पिंडाला शिवतो’ हा अर्थ. कृती अशी: ‘आणि’ला मराठीत एका अक्षराचा प्रतिशब्द आहे, ‘व’. तो ‘काळा’ या शब्दाच्या पोटात ठेवा. का-व-ळा.

म्हणजे ‘काळा’ हा इथे रंग नाही, नुसता शब्द आहे. आणि ‘आणि’ हे दोन गोष्टी जोडणारं अव्यय नसून गिळायचा घास आहे. वाक्य वाचताना ज्या शब्दाकडे आपण बघतही नाही, नेमका तोच इथे कामाचा निघाला.

चूक तुमची नाही, माझी आहे. पिंड ठेवला की कावळा येणारच! तुम्ही पुढच्या दारानं आत आलात, मागचं दार बघायची गरजच पडली नाही. ‘पिंडाला शिवतो’च्या जागी ‘शाळा भरवतो’ असं लिहायला हवं होतं. मग तुम्ही थोडा वेळ तरी मास्तर शोधत बसला असतात.

‘नदी उलटली, बापुडा झाला (२)’ इथे मी ‘दिन’ लिहिलं. उत्तर ‘दीन’ छापलंय. एवढ्याशा वेलांटीनं काय होतं? सगळीकडे चालतं. — लातूर

साध्या कोड्यात चालतं. चालवून घ्यावंच लागतं, नाहीतर आडव्या-उभ्या शब्दांचा मेळ बसणार नाही. गूढ कोड्यात मात्र शब्दाचा अर्थ जितका महत्त्वाचा तितकाच त्याचा देह. ‘न’ आणि ‘दी’ यांची उलटापालट केली की ‘दी’ आणि ‘न’ मिळतात. ‘दि’ आणायचा कुठून? शिवाय दिन म्हणजे दिवस, त्यात बापुडं काही नाही.

शाळेत आपण सगळ्यांनी उलटसुलट सारखी वाक्यं घोकलीत. ‘ती होडी जाडी होती’ घ्या: ती-हो-डी-जा-डी-हो-ती. कुठूनही वाचा, चोख. आता ‘चिमा काय कामाची’ वाचा. पहिली ऱ्हस्व, शेवटची दीर्घ. मी मुद्रितशोधनात तीस वर्षं काढली, त्यामुळे असेल, पण माझ्या लेखी चिमा नापास.

मी पण एक शोधसूत्र केलंय: ‘नवरा उड्या मारू लागला की पूर्वज (३)’. उत्तर: वानर! मिस्टरांना वाचून दाखवलं, ते दोन दिवस नीट बोलले नाहीत. छापाल का? — डोंबिवली

छापलं. मान्य मात्र करता येत नाही, आणि त्याचं मलाच वाईट वाटतंय, कारण वाक्य फर्मास आहे. ‘उड्या मारू लागला’ ही अक्षरं विस्कटायची खूण, ‘पूर्वज’ हा अर्थ, सगळं जागच्या जागी. अडचण फक्त कान्याची. ‘नवरा’ची अक्षरं न, व, रा. ‘वानर’ची वा, न, र. म्हणजे तुमच्या नवऱ्यानं उडी मारताना कानाही ‘र’वरून काढून ‘व’ला लावला. आपल्या कोड्यात एका घरात एक अक्षर बसतं, कानामात्रा-वेलांटीसकट. ते घरच हलवायचं, घरातलं सामान नाही.

पण माझे वडील असते तर त्यांनी तुमची बाजू घेतली असती. ते कोल्हापुरात एका छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचे. त्यांच्या खणांच्या पेटीत कान्याचा खिळा वेगळा असे. ‘नवरा’ला लागायचे चार खिळे: न, व, र आणि काना. तेच चार स्टिकमधून काढून ‘वानर’ जुळवता येतो, एकही खिळा उरत नाही, एकही कमी पडत नाही. पान छापून झालं की सगळे खिळे परत खणांत जायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यांतूनच लग्नपत्रिका नाहीतर श्रद्धांजली व्हायची. मला वाटतं, या खेळाचं वेड तिथूनच माझ्या डोक्यात शिरलं. तेव्हा नियम माझा, अपील वडिलांकडे.

नियमात बसणारा नमुना हवा असेल तर मागच्याच अंकातला घ्या: ‘विकता विस्कटते, वृत्तात असते (३)’. वि-क-ता विस्कटा: क-वि-ता. काना-वेलांटी आपापल्या घरात शाबूत. वाचताना वृत्त म्हणजे बातमी वाटतं, रद्दीवाला डोळ्यांपुढे येतो. इथलं वृत्त मात्र मंदाक्रांता-शार्दूलविक्रीडितातलं. (मुक्तछंदात लिहिणाऱ्या एका कवीनं निषेध नोंदवलाय. तो योग्य आहे. माझ्याकडे उत्तर नाही.)

‘वाढलं तर जेवा, उलटलं तर वाचा (२)’. ‘उलटलं’ ही उलट वाचायची खूण असं तुम्हीच सूचनांत लिहिलं होतं. मी दोन तास दोन अक्षरी शब्द उलटे करत बसलो. ही शुद्ध फसवणूक आहे. — चिपळूण

आहे. पण शुद्ध आहे, हे तुम्हीच म्हणालात.

उत्तर ‘पान’. जेवायला वाढतात ते, आणि पुस्तकात उलटतो ते. इथे कृती नाहीच, दोन्ही बाजूंना अर्थच आहेत. ‘उलटलं’ हा शब्द खूण म्हणून येऊ शकतो, येईलच असं नाही. तुम्ही ‘नपा’पर्यंत पोचला असाल तर तुम्ही बरोबर घरी गेला होतात, फक्त पाठमोरे शिरलात.

फसवायचं कुठपर्यंत, हा प्रश्न मात्र खरा आहे. ‘ॲफ्रिट’ या टोपणनावानं कोडी रचणारे ए. एफ. रिची यांनी १९४९ मध्ये तो एका वाक्यात निकाली काढला. माझ्या शब्दांत सांगायचं तर: मी जे बोलतो तेच माझ्या मनात असेल असं नाही, पण जे मनात आहे ते मी बोललेलं असलंच पाहिजे. ‘वाढलं तर जेवा’ हे पानाबद्दल खरं आहे. ‘उलटलं तर वाचा’ हेही. मी तुम्हाला चुकीच्या रस्त्याला जाऊ दिलं, पण पाटी खोटी लावली नाही. पाटी खोटी निघाली तर जरूर भांडा. तशी एक निघालीच आहे, खाली बघा.

‘वेल उलटी चढली, ठेका सापडला (२)’: लता, उलट ताल, हे कळलं. पण हा शब्द तुमच्या चौकटीत आडवा होता. आडव्या शब्दात वेल चढेल कशी? ‘चढली’ फक्त उभ्या शब्दांना. — सावंतवाडी

कान पकडला. पुन्हा होणार नाही.

मी बंगळुरूला असतो, इंग्रजी गूढ कोडी रोज सोडवतो. तिथे सुट्या अक्षरांची चंगळ असते: दिशांची आद्याक्षरं, रोमन आकडे, पाचाला व्ही, पन्नासाला एल. मराठीत ही सोय नाही, मग कोडं जमणार कसं?

उलट मराठीत चैन आहे. इंग्रजीतलं सुटं अक्षर बहुतेक वेळा कशाचं तरी संक्षिप्त रूप असतं, आपल्याकडे एकेक अक्षर हा अख्खा शब्द असतो. जा, ये, खा, पी, घे, दे, ने, हो: आईच्या दिवसभराच्या निम्म्या आज्ञा एकाक्षरी. शिवाय व, न, च, की, रे, गे. ‘सु’ म्हणजे चांगला, ‘कु’ म्हणजे वाईट. ‘दे आणि नवसाला पावतो (२)’ बघा. ‘दे’, त्यापुढे आपला तोच गिळलेला ‘आणि’, म्हणजे ‘व’. देव.

त्यावर सप्तक आहेच. ‘षड्जाला पंचम लागला, फणा निघाला (२)’: सा, प. पंचमाऐवजी गंधार लावलात तर लाकूड मिळेल, साग. आमच्या शेजारच्या गायनाच्या बाई पहिलं ऐकून म्हणाल्या, तानपुऱ्यात रोज साप जुळवतो हे आजवर लक्षातच आलं नाही.

इंग्रजीत शब्दाचे तुकडे फार बारीक होतात, आपले जाडे. त्यामुळे आपल्याकडे विस्कटायचे शब्द कमी मिळतात हे खरं. पण लपवायला जागा भरपूर. ‘काल वणव्यात सापडलं मीठ (३)’: का-ल-व-ण-व्या, नीट बघा, ‘लवण’ आत बसलंय.

हे सगळं इंग्रजांचं खूळ. आपल्याकडे ‘सूपभर लाह्या, त्यात रुपया’ अशी छान कोडी असताना हे कशाला? — नाशिक

लाह्या-रुपयाचं कोडं मलाही आवडतं. पण ते आकाशाकडे बघून केलंय, ‘आकाश’ या शब्दाकडे बघून नाही. चांदण्यांना काहीही नाव असतं तरी ते कोडं तसंच राहिलं असतं. गूढ कोडं शब्दच फोडतं. जात वेगळी.

चौकट इंग्रजांची म्हणाल तर ती अमेरिकेतून आली. लिव्हरपूलच्या आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ च्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिलं शब्दकोडं दिलं, हिऱ्याच्या आकाराचं. त्यात गूढ काही नव्हतं. तो मसाला इंग्लंडमध्ये पडला. एडवर्ड पॉइस मॅथर्स १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये निव्वळ गूढ कोडी देऊ लागले आणि टोपणनाव घेतलं ‘टॉर्केमाडा’, स्पेनमधल्या छळवादी धर्मन्यायाधीशाचं. सोडवणाऱ्यांचे हाल करणार हे निदान आधीच सांगून टाकलं. पुढे त्या सदरात ‘झिमेनीस’ आले आणि १९७२ मध्ये ‘ॲझेड’. ही नावंही त्याच पंथातली, पण ‘ॲझेड’ म्हणजे डेझा नावाच्या न्यायाधीशाची रोमन अक्षरं उलटी. आपल्या अक्षरांनी डेझाला उलटवलं असतं तर ‘झाडे’ निघाले असते आणि सदर नागपूरचं वाटलं असतं.

आता आपल्याकडचं. ‘मरा मरा’ म्हणता म्हणता वाल्याच्या तोंडी ‘राम’ आला, ही उलट वाचायची खूण नव्हे तर काय? आणि हा श्लोक ऐकलाच असेल:

केशवं पतितं दृष्ट्वा द्रोणो हर्षमुपागतः।
रुदन्ति कौरवाः सर्वे हा केशव हा केशव॥

केशव पडलेला पाहून द्रोणाला हर्ष झाला आणि सगळे कौरव ‘हा केशव’ म्हणून रडू लागले. महाभारत येणारा माणूस इथे चक्रावतो: कृष्णासाठी कौरव कशाला रडतील? आता ‘केशवं’ तोडा. ‘के’ म्हणजे पाण्यात, ‘शवं’ म्हणजे प्रेत. द्रोण म्हणजे डोमकावळा, कौरव म्हणजे कोल्हे. पाण्यात प्रेत पडलेलं बघून कावळ्याला आनंद झाला, आणि पोचता येईना म्हणून कोल्हे काठावर रडू लागले. जे नाव बघून आपण हात जोडतो ते नावच नव्हतं. आमच्या घरी हा श्लोक वडील म्हणायचे. खिळे उलटेच वाचायची सवय असलेल्या माणसाला तो आवडणारच. एक दोष आहे तो असा, की कंसात अक्षरसंख्या दिलेली नाही.

सहावीतल्या नातवानं केलंय, मी फक्त लिहून पाठवते: ‘नेहमी उलटा वागणारा नोकर (२)’. बरोबर आहे का? — सातारा

बरोबर आहे, आणि माझ्या कावळ्यापेक्षा चांगलं आहे. एकही शब्द काढता येत नाही. ‘वागणारा’ काढून बघितला, वाक्य लंगडं झालं, म्हणून परत घातला. पुढच्या अंकात आडव्या शब्दांत पहिलं तेच घेते. उत्तर तोवर सांगत नाही. त्यालाही सांगा, शाळेत कुणाला सांगू नकोस.