पार्सल 'परत पाठवा' म्हणालात तर ते परत जाईल

प्रश्न असा आलाय की 'री-डिलिव्हर करणे' याला मराठीत सुटसुटीत क्रियापद कोणतं, आणि ॲपच्या मेसेजमध्ये 'आपले पार्सल पुनर्वितरित करण्यात येईल' असं लिहिलेलं चालेल का.

नाही चालणार. हा मेसेज मलाही महिन्यातून दोनदा येतो आणि दर वेळी तिडीक जाते. अहो, वितरण म्हणजे वाटप. बक्षीस वितरण, वीज वितरण, पेपरचा वितरक. देणारा एक आणि घेणारे पुष्कळ. माझं मिक्सरचं भांडं एक, घेणारी मी एकटी, त्याचं वितरण कसं करणार, तुकडे करून? जुने लोक टपालाचा 'बटवडा' म्हणायचे ते बरोबर होतं, कारण पोस्टमनच्या पिशवीत गावभरची पत्रं असायची आणि तो ती वाटत जायचा. पण एका पत्राचा बटवडा कुणी म्हणत नसे, एक पत्र यायचं किंवा मिळायचं.

मग काहीजण म्हणतात सरळ 'परत' वापरा. इथे माझाच किस्सा सांगते. त्याच भांड्याचं पार्सल घेऊन आलेल्या कुरियरच्या मुलाचा फोन आला, मी बँकेत रांगेत उभी, म्हटलं अरे घरी कोणी नाहीये, उद्या परत पाठवा. तो 'ओके मॅडम' म्हणाला. संध्याकाळी मेसेज, आपल्या विनंतीनुसार पार्सल विक्रेत्याकडे परत पाठवले आहे. आता दोष कुणाला द्यायचा? त्याने मराठी बरोबरच ऐकलं होतं. 'परत ये' म्हणजे पुन्हा ये की माघारी ये हे बोलण्याच्या ओघात कळतं, 'परत पाठवा'मध्ये दोन्ही अर्थ तितकेच जोरात उभे राहतात आणि गोची होते.

यावर शुद्धिवाले लगेच उठतात की 'परत' म्हणजे फक्त माघारी, 'पुन्हा' या अर्थी वापरणं ही चूकच. हे मला अजिबात मान्य नाही. कढईत भाजी परततो तेव्हा ती दुकानात माघारी जाते का? परतणं म्हणजे वळणं, उलटणं. वळून आला की माणूस माघारीही आला आणि पुन्हाही आला, दोन्ही अर्थ त्या वळण्यातूनच निघतात. उभा महाराष्ट्र 'परत सांग', 'परत एकदा बघ' म्हणतो, त्या सगळ्यांना चूक ठरवणारे हे कोण? फक्त पार्सलच्या बाबतीत जपून, एवढंच.

पण खरा शब्द आपल्याकडे आहे आणि तो कुणाला आठवत नाही. खेप! विहिरीवरून पाण्याच्या चार खेपा, ट्रॅक्टरने विटांच्या दोन खेपा, सरकारी कामासाठी खेपा घालणं. 'आता नाही जमलं, पुढच्या खेपेला आणतो'. नेलेला मालही खेप आणि त्यासाठी मारलेली फेरीही खेप. संस्कृत क्षेप, म्हणजे फेकणं, त्यातून आलेला हा शब्द. क्षेपणास्त्र, प्रक्षेपण, आक्षेप ही सगळी त्याचीच भावंडं. माझा तर्क असा की आधी जनावराच्या पाठीवर टाकलेलं ओझं ते खेप, मग एकदा नेलेला माल, मग ती फेरीच. त्यामुळे कुरियरवाला गेटवरून खोकं आत भिरकावतो ना, तो व्युत्पत्तीला अगदी धरून वागतो असं म्हणायचं.

एका विद्वान स्नेह्यांनी मला सुनावलं की मराठीत क्ष चा श होतो, क्षेत्रचं शेत झालं, तेव्हा 'खेप' हिंदीतून उसना आणलेला. बरं, मग क्षीरची खीर, क्षारचा खार, कक्षाची काख, ही पण हिंदीतून आली का? काखसुद्धा उसनी? मराठीत दोन्ही वाटा पहिल्यापासून आहेत. त्यावर त्यांचं उत्तर अजून यायचंय.

आणि आता गंमत बघा. बाळंतपणालाही आपण खेपच म्हणतो, 'पहिल्या खेपेला मुलगी, दुसऱ्या खेपेला मुलगा'. म्हणजे इंग्रजीत डिलिव्हरी पार्सलची पण आणि बाळाची पण, तसंच आपल्याकडे खेप दोघांची. त्या डिलिव्हरीच्या मुळाशी लॅटिनमधलं मोकळं करणं आहे, आणि आमच्या आज्या बाळंतिणीबद्दल काय म्हणायच्या? 'मोकळी झाली बाई एकदाची', 'सुटली बिचारी'. कुणी कुणाचं भाषांतर केलेलं नाही हं, बाईचा जीव सगळीकडे सारखाच अडकतो आणि सारखाच सुटतो.

फुकट गेलेल्या खेपेलाही शब्द आहे, हेलपाटा. हेल म्हणजे ओझं, ते वाहणारा हेलकरी. हेलपाट्यातला हेल तोच असावा असं मला फार वाटतं. दाराला कुलूप बघून पार्सल घेऊन माघारी गेलेल्या पोराला पडतो तो हेलपाटा, त्याला 'डिलिव्हरी अयशस्वी' कसलं म्हणता.

हां, तुमचं क्रियापद राहिलंच. एक शब्द हवा हा हट्ट सोडा. इंग्रजीला कोण कुठून बघतंय याचं सोयरसुतक नाही, आपल्याला आहे. ज्याच्या घरी यायचंय त्याला 'आणून देतो', दुकानदाराला सांगताना 'नेऊन देतो', आणि कुणाचीच बाजू घ्यायची नसेल तर 'पोचवतो'. मेसेज गिऱ्हाईकाला जातोय ना? मग लिहा, 'आज घर बंद होतं, पार्सल उद्या पुन्हा आणून देऊ'. आणि दुकानदाराच्या स्क्रीनवर 'दुसऱ्या खेपेला पोचलं'.