जुना लॅपटॉप सुरू होताना अडतो

प्रश्न : माझ्या दिवंगत वडिलांच्या थिंकपॅड टी-42 लॅपटॉपमध्ये त्यांनी श्रीलिपी या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टंकलिखित केलेले लेख आहेत. तीन पावसाळे कपाटात राहिल्यावर आता तो सुरू करताच 161 आणि 163 हे आकडे दिसतात व गाडी पुढे सरकत नाही. कधी पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानात ‘मदरबोर्ड गेला’ असे सांगितले. लेख हाती लागतील का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : मदरबोर्ड खरोखर गेला असता तर त्याने हे आकडेही दाखवले नसते, म्हणून एवढ्यात आशा सोडू नका. 161 म्हणजे घड्याळ चालवणारी आतली छोटी बॅटरी संपली आहे आणि 163 म्हणजे तारीख-वेळ लावलेली नाही. एफ-1 दाबून सेटअपमध्ये जा, तारीख-वेळ भरा आणि एफ-10 दाबून ती जतन करा. बहुतेक वेळा यंत्र पुढे जाते. मात्र तार जोडलेली ती 3 व्होल्टची, नाण्याएवढी बॅटरी बदलेपर्यंत हा त्रास पुन्हा होत राहील. सेटअपने पासवर्ड मागितला, तर बॅटरी काढून तो पुसला जाईल या भरवशावर राहू नका, कारण या यंत्रात सुपरवायझर पासवर्ड, म्हणजे सेटअपचे कुलूप, वेगळ्या चिपमध्ये साठवलेला असतो.

पडदा काळा राहतो तेव्हा अ‍ॅडॉप्टर आणि मुख्य बॅटरी दोन्ही काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा. तरीही फरक पडला नाही, तर रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढून तिच्या सोनेरी पट्ट्यांवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कण झटका आणि ती नीट दाबून बसवा. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत त्या पट्ट्यांवर धरलेला थर एवढ्याने निघतो, असा माझा अनुभव आहे. अंधारात पडद्यावर तिरपा टॉर्च मारून पाहा. पुसट अक्षरे दिसली, तर यंत्र चालू आहे आणि बिघाड फक्त पडद्यामागच्या दिव्यात किंवा त्याला वीज पुरवणाऱ्या छोट्या पट्टीत (इन्व्हर्टरमध्ये) आहे; अशा वेळी बाहेरचा मॉनिटर जोडून काम भागते. अ‍ॅडॉप्टर 16 व्होल्टचाच हवा. दुकानात मिळणारा 19 किंवा 20 व्होल्टचा ‘सगळ्यांना चालणारा’ अ‍ॅडॉप्टर कृपया लावू नका.

तुमचा जीव लेखांत आहे, म्हणून माझ्या मते दुरुस्तीच्या आधी हार्ड डिस्कच बाहेर काढावी. ती अडीच इंची, जुन्या आयडीई पद्धतीची आहे; तिला साटाची, म्हणजे नंतरच्या डिस्कची, जोडणी चालत नाही, आयडीई ते यूएसबी कन्व्हर्टर लागतो. जोडताना तिच्या नाजूक पिना वाकणार नाहीत याची काळजी घ्या. लेखांबरोबर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले श्रीलिपीचे फॉन्टही उतरवून घ्या, कारण युनिकोड ही सर्व संगणकांवर चालणारी अक्षरपद्धत रुळण्यापूर्वीचा तो मजकूर त्या फॉन्टशिवाय नव्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसेल.